संचालकांचे पर्क्स आणि त्यावर कंपनीने भरलेला टॅक्स: वार्षिक अहवालात ही रक्कम गळते कुठे?

सीए_धरमपेठ

नमस्कार मंडळी. मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचे बोर्ड रिपोर्ट आणि केएमपी नोट (संचालक आणि प्रमुख अधिकाऱ्यांच्या मोबदल्याची टीप) तयार करण्याचे दिवस आहेत, म्हणून हा धागा काढतोय. नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा भागातल्या मध्यम कंपन्यांच्या अहवालांत एक चूक वर्षानुवर्षे तशीच पुढे सरकते. संचालकाच्या पर्क्सवरचा, म्हणजे पगाराशिवाय मिळणाऱ्या सोयींवरचा, आयकर कंपनी स्वतः भरते आणि ती रक्कम त्याच्या मोबदल्यात कुठेच धरली जात नाही.

मूळ कुठे आहे ते आधी पाहू. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १९२(१ए) मालकाला मुभा देतं की घर, गाडी अशा बिगर-रोख पर्क्सवरचा टॅक्स पगारातून न कापता स्वतः भरावा. कलम १०(१०सीसी) म्हणतं की असा भरलेला टॅक्स कर्मचाऱ्याच्या हातात करमुक्त. त्यामुळे फॉर्म १६ मध्ये (मालक देतो त्या पगार आणि टीडीएसच्या दाखल्यात) तो उत्पन्न म्हणून येत नाही. अहवाल बनवणारा फॉर्म १६ समोर ठेवतो, कलम १७(१) (पगार) आणि १७(२) (पर्क्स) चे आकडे उचलतो आणि मोकळा होतो.

पण कंपनी कायदा २०१३ चं कलम २(७८) वाचा. मोबदला म्हणजे सेवेबद्दल दिलेला पैसा किंवा त्याच्या मोलाचं काहीही, आणि त्यात आयकर कायद्यात व्याख्या केलेले पर्क्स येतात. 'करपात्र' हा शब्द तिथे नाही. आणि १७(२)(iv) प्रमाणे कर्मचाऱ्याने स्वतः भरायचं देणं मालकाने भरलं की तो पर्क झाला. आयकर हे संचालकाचंच देणं आहे. करमुक्त असणं वेगळं, मोबदला नसणं वेगळं.

आकड्यांत बघा. २०२५-२६, नवीन करप्रणाली. रोख पगार ४२,००,०००. नागपुरात कंपनीच्या मालकीचं घर, पगाराच्या ७.५ टक्के म्हणजे ३,१५,०००. फर्निचरची किंमत ६ लाख, त्याचे १० टक्के ६०,०००. १.६ लिटरच्या वरची गाडी ड्रायव्हरसह, काही ऑफिससाठी, काही घरासाठी: महिना २,४०० अधिक ९००, वर्षाचे ३९,६००. एकूण पर्क्स ४,१४,६००.

ढोबळ उत्पन्न ४६,१४,६००, प्रमाणित वजावट ७५,००० गेल्यावर ४५,३९,६००. २४ लाखांपर्यंत टॅक्स ३,००,०००, पुढच्या २१,३९,६०० वर ३० टक्क्यांनी ६,४१,८८०, वर ४ टक्के सेस. एकूण ९,७९,५५५. कलम १९२(१बी) सरासरी दर सांगतं, तो येतो २१.५७८ टक्के. ४,१४,६०० वर तो लावला की ८९,४६२. इथे बरेचजण थेट वरच्या टप्प्याचा ३१.२ टक्के (३० टक्के अधिक सेस) लावतात, ते चूक आहे.

हे ८९,४६२ संचालकाच्या मोबदल्यात यायलाच हवेत. शिवाय कलम ४०(ए)(व्ही) खाली कंपनीला या खर्चाची वजावट मिळत नाही. २५.१६८ टक्के दराने टॅक्स भरणाऱ्या कंपनीला त्यापोटी आणखी २२,५१६ पडतात. हे २२ हजार संचालकाच्या मोबदल्यात धरायचे नाहीत, तो कंपनीचा स्वतःचा टॅक्स आहे.

पेरोल_बुटीबोरी

गळती बहुतेक वेळा लेजरमध्ये सुरू होते, म्हणून ती बाजू सांगतो.

पगाराची जेव्ही (हिशोबातली नोंद) सॉफ्टवेअरमधून येते: पगार, पीएफ, पगारातून कापलेला टीडीएस. पर्क टॅक्स मात्र अकाउंट्सवाला चलान भरताना हाताने टाकतो, आणि टाकतो 'रेट्स अँड टॅक्सेस' मध्ये, कारण लेजर शोधताना 'टॅक्स' टाइप केलं की पहिलं तेच दिसतं. काही ठिकाणी तर तो कंपनीच्या स्वतःच्या 'इन्कम टॅक्स' खात्यात सापडतो. केएमपी नोट बनते पेरोल रजिस्टरवरून. रजिस्टरमध्ये जे कधी आलंच नाही ते नोटमध्ये कुठून येणार?

शोधायचं कसं: संचालकाच्या बारा पे-स्लिपमधल्या टीडीएसची बेरीज करा. फॉर्म १६ च्या भाग ए मधला एकूण टीडीएस शेजारी ठेवा. फरक म्हणजे कंपनीने भरलेला टॅक्स. ताळा फॉर्म १२बीए च्या (मालकाने द्यायच्या पर्क्सच्या तपशिलाच्या) तळाशी आहे. तिथे १९२(१) खाली पगारातून कापलेला टॅक्स, १९२(१ए) खाली मालकाने भरलेला टॅक्स, एकूण आणि भरणा तारीख असे वेगळे रकाने आहेत. दुसरा रकाना शून्य आणि पे-स्लिपशी फरक मात्र आहे, असं दिसलं तर १२बीए चुकीचा निघालाय.

लेजर नवीन उघडा: 'पर्क्सवरील कर, संचालक', कर्मचारी लाभ खर्चाच्या गटाखाली. प्रत्येक संचालकाचं वेगळं.

हिंगणा_फायनान्स

घराच्या दराबद्दल विचारायचं होतं. काही पेरोल सॉफ्टवेअरमध्ये नागपूरला अजून १० टक्के दिसतात. ७.५ नेमकं कशावरून?

टॅक्स_सिव्हिल_लाइन्स

@हिंगणा_फायनान्स, १ सप्टेंबर २०२३ पासून आयकर नियमांतला नियम ३ (पर्क्सचं मूल्य ठरवणारा) बदलला. आधी २००१ च्या जनगणनेवर टप्पे होते: २५ लाखांवर १५ टक्के, १० ते २५ लाख १० टक्के, बाकी ७.५. आता २०११ ची जनगणना धरायची: ४० लाखांवर १० टक्के, १५ ते ४० लाख ७.५, बाकी ५. नागपूर शहराची २०११ ची लोकसंख्या २४,०५,६६५, म्हणून आपण मधल्या टप्प्यात. जुन्या नियमातही आपण मधल्याच टप्प्यात होतो, म्हणून तेव्हा १० टक्के. सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तो हाच जुना दर.

सीए साहेबांच्या उदाहरणात १० टक्के लावले तर घराचा पर्क ४,२०,००० होतो, म्हणजे १,०५,००० जास्त. जास्त दाखवलेला आकडाही चुकीचाच, 'सुरक्षित बाजू' म्हणून सोडून देऊ नका.

दोन गोष्टी आणखी. घर नागपूर शहराच्या हद्दीबाहेर, समजा बुटीबोरीत कारखान्याच्या वसाहतीत असेल, तर दर ५ टक्के. ऑफिस सिव्हिल लाइन्सला आहे म्हणून ७.५ लागत नाहीत, घर कुठे आहे ते बघायचं. आणि घर कंपनीने भाड्याने घेतलं असेल तर हे टप्पे नाहीतच; प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, जे कमी असेल ते.

'पगार' म्हणजे काय इथेही गफलत होते. बेसिक, बोनस, कमिशन, करपात्र भत्ते येतात. मालकाचा पीएफ आणि इतर पर्क्सची किंमत येत नाही. गाडीचा पर्क आधी पगारात मिळवून त्यावर घराचे ७.५ टक्के काढलेले कागद पुष्कळदा बघायला मिळतात.

सीएस_रामदासपेठ

मी कंपनी कायद्याच्या बाजूने लिहिते, कारण टॅक्सच्या बाजूला ८९ हजार किरकोळ वाटतात आणि माझ्या बाजूला त्यावरून मर्यादा ओलांडली जाते.

पब्लिक कंपनी, नफा अपुरा, म्हणून कंपनी कायद्याचं शेड्यूल पाच (अशा वेळी संचालकाला किती देता येतं याची मर्यादा) लागू. प्रभावी भांडवल ५ ते १०० कोटींच्या टप्प्यात असेल तर मर्यादा ८४ लाख. संचालकाचा रोख पगार ७९,८०,०००. गाडी, क्लब आणि घरकामगार मिळून पर्क्स ३,५०,०००. बेरीज ८३,३०,०००. सगळे निश्चिंत. आता पर्क टॅक्स काढा. उत्पन्न ५० लाखांवर असल्याने १० टक्के अधिभार लागतो. वजावटीनंतर ८२,५५,००० वर सेससह टॅक्स २३,५२,६३६, सरासरी दर २८.५ टक्क्यांच्या जवळ, पर्क टॅक्स ९९,७४८. बेरीज ८४,२९,७४८. मर्यादा २९,७४८ ने ओलांडली.

आधीच विशेष ठराव करून मर्यादेवरची रक्कम मंजूर असेल तर अडचण नाही. नसेल तर कलम १९७(९) प्रमाणे जादा रक्कम संचालकाने दोन वर्षांच्या आत किंवा कंपनी ठरवेल त्या कमी मुदतीत परत करायची, तोवर ती कंपनीची अमानत म्हणून धरायची. सोडून द्यायची असेल तर १९७(१०) प्रमाणे दोन वर्षांत विशेष ठराव, आणि बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर त्याआधी बँकेची मंजुरी. १९७(१५) चा दंड कंपनीला ५ लाख, व्यक्तीला १ लाख. तीस हजारांच्या चुकीसाठी.

नियुक्तीचा ठराव काढून वाचा. 'पर्क्सचे मूल्य आयकर नियमांप्रमाणे, आणि नियम नसेल तिथे प्रत्यक्ष खर्चाने' हे वाक्य बहुतेक ठरावांत असतं. 'पर्क्सवरील कर कंपनी भरेल' हे मात्र नसतं. ते नसेल तर भरलेला टॅक्स भागधारकांच्या मंजुरीबाहेरचा आहे, मर्यादेत बसो वा न बसो.

ऑडिट_सदर

सगळ्यांचं पटलं, फक्त एका ठिकाणी सावध करतो. धागा वाचून कोणी १२बीए चे आकडे उचलून केएमपी नोटमध्ये टाकू नका. इंड एएस २४ या लेखा मानकाच्या परिच्छेद १७ ला हवा आहे तो कंपनीच्या खर्चात नोंदलेला लाभ: अल्पकालीन, निवृत्तीनंतरचे, इतर दीर्घकालीन, सेवासमाप्तीचे आणि शेअर-आधारित, असे पाच भाग.

गाडीचंच घ्या. नियम ३ म्हणतो ३९,६००. कंपनीच्या पुस्तकांत त्याच गाडीचा ड्रायव्हर, पेट्रोल, विमा, घसारा मिळून सहज सात-आठ लाख होतात, आणि त्यातला खाजगी वापराचा हिस्सा हा लाभाचा खर्च. ३९,६०० हा टॅक्ससाठी ठरवलेला आकडा आहे, कोणीही तेवढ्यात गाडी चालवत नाही.

ईसॉप (ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन) उलट दिशेने. पर्क म्हणजे ऑप्शन वापरलेल्या दिवसाचा बाजारभाव वजा भरलेली किंमत, आणि लिस्टेड शेअरला त्या दिवसाच्या उघडत्या-बंद भावाची सरासरी. इंड एएस १०२ मात्र ऑप्शन दिला त्या दिवसाचं वाजवी मूल्य व्हेस्टिंगच्या (हक्क पक्का होण्याच्या) काळात वाटतं. एकाच ईसॉपचे दोन आकडे, दोन वेगळ्या वर्षांत. दोन्ही बरोबर. जुळवण्याच्या नादात एक खोटा होतो.

म्हणून फाइलमध्ये एक पानाचा ताळमेळ हवाच. डावीकडे १२बीए, मध्ये कलम १९७ ची मोजणी, उजवीकडे केएमपी नोट, आणि प्रत्येक फरकासमोर कारण. पर्क टॅक्सची ओळ तिन्ही रकान्यांत एकच आकडा दाखवते. ती एकच ओळ अशी आहे जिथे फरकाला कारण असू शकत नाही.

हिंगणा_फायनान्स

मग क्लबचं काय? संचालक बिल स्वतः भरतो, कंपनी नंतर २ लाख देते, आणि टॅक्सही कंपनीच भरते. १०(१०सीसी) इथे चालेल का?

टॅक्स_सिव्हिल_लाइन्स

नाही. १०(१०सीसी) फक्त रोखीने न दिलेल्या पर्क्ससाठी. संचालकाच्या बँक खात्यात २ लाख गेले की ते रोख झालं. कंपनीने क्लबला थेट भरले असते तर गोष्ट वेगळी. म्हणून बिल कोणाच्या नावावर आणि पैसे कोणाला, हे दोन्ही तपासा.

रोख पर्कवरचा टॅक्स कंपनीने भरला की ग्रॉस-अप करावं लागतं, म्हणजे भरलेला टॅक्सही उत्पन्नात मिळवून त्यावर टॅक्स काढायचा. ३१.२ टक्क्यांनी २ लाखांचे २,९०,६९८ होतात, म्हणजे टॅक्स ९०,६९८.

सीए_धरमपेठ

भाऊ, इथे थोडं थांबा. तुम्ही काढलं ते टॅक्सवर टॅक्स, त्यावर पुन्हा टॅक्स, असं शेवटपर्यंत नेलेलं ग्रॉस-अप. आरबीएफ रिग प्रकरणात दिल्ली आयटीएटीच्या (आयकर अपील न्यायाधिकरणाच्या) विशेष खंडपीठाने २००७ मध्ये सांगितलं की मालकाने भरलेला टॅक्स हा स्वतः बिगर-रोख पर्क आहे, कारण तो कर्मचाऱ्याला नाही, सरकारला दिला जातो. म्हणून तो उत्पन्नात एकदाच मिळवायचा, त्यावरचा टॅक्स पुन्हा मिळवायचा नाही. २,००,००० वर ६२,४०० मिळवा, २,६२,४०० वर टॅक्स ८१,८६९. फरक ८,८२९.

टॅक्स_सिव्हिल_लाइन्स

मान्य, दुरुस्ती घेतली. काही कंपन्या वाद नको म्हणून तरीही पूर्ण ग्रॉस-अप करतात. कोणतीही पद्धत घ्या, पण अहवालात जाणारा आकडा म्हणजे प्रत्यक्ष चलानने भरलेली रक्कम. हिशोब एका पद्धतीने, चलान दुसऱ्या पद्धतीने आणि अहवालात तिसराच आकडा, असं होऊ देऊ नका.

आणि क्लबचा खर्च पूर्ण धंद्यासाठी होता म्हणून पर्क शून्य दाखवायचा असेल, तर तारीख, खर्चाचं स्वरूप, धंद्याची गरज यांची नोंद आणि कंपनीचा दाखला, हे दोन्ही नियमालाच हवेत. रविवारच्या जेवणाच्या बिलाला हा दाखला देताना सही करणाऱ्याने विचार करावा.

मिहान_रिपोर्टिंग

अमेरिकन लिस्टेड कंपन्यांचं काम इथून करणाऱ्यांसाठी थोडं. तिथे बाजार नियामक एसईसीच्या रेग्युलेशन एस-के च्या आयटम ४०२ प्रमाणे एका अधिकाऱ्याचे पर्क्स मिळून १०,००० डॉलर किंवा जास्त झाले की प्रत्येक पर्क नावानिशी सांगायचा. त्यातला एखादा २५,००० डॉलर किंवा एकूण पर्क्सच्या १० टक्के, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेला तर त्याची रक्कमही. मूल्य कंपनीला पडलेल्या वाढीव खर्चाने काढायचं, करपात्र मूल्याने नाही. टॅक्स ग्रॉस-अप तर वेगळी ओळखून दाखवायची, आणि तिला १०,००० च्या सवलतीत लपता येत नाही. तिथली चूक नेमकी इथेच होते: पर्क्स ९,००० चे म्हणून सगळं वगळलं, आणि त्यावर भरलेल्या टॅक्सचे ४,००० ही सोबत गेले.

दुसरी चूक, 'धंद्यासाठी उपयोगी होतं' म्हणून वगळणं. तिथली कसोटी कडक आहे: कामाशी थेट आणि अविभाज्य संबंध हवा. २०१८ मध्ये डाऊ केमिकलने सुमारे ३० लाख डॉलरचे पर्क्स न दाखवल्याबद्दल १७.५ लाख डॉलर दंड भरला. २०२० मध्ये हिल्टनने ६ लाख. २०२३ मध्ये स्टॅनले ब्लॅक अँड डेकरने स्वतःहून चूक कळवून सहकार्य केलं, तिला दंड लागला नाही.

पेरोल_बुटीबोरी

पीएफचं कोणी लिहिलं नाही म्हणून. शेड्यूल पाचच्या मर्यादेतून पीएफ, सुपरअॅन्युएशन वगळतात ते डोळे मिटून. पण वगळता येतं ते आयकरात करपात्र नाही तेवढंच. २०२०-२१ पासून मालकाचा पीएफ, एनपीएस, सुपरअॅन्युएशन मिळून साडेसात लाखांवर गेलं की वरचा भाग १७(२)(vii) खाली पर्क. तेवढा भाग मर्यादेत परत येतो, आणि त्यावर जमणारं व्याजही दरवर्षी पर्क होतं. मोठ्या बेसिकच्या संचालकांचा हा आकडा दर एप्रिलला नव्याने काढावा लागतो.

हिंगणा_फायनान्स

आणि अहवाल छापून गेल्यावर चूक सापडली तर?

सीएस_रामदासपेठ

एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) व्हायची असेल तर सोपं आहे. शुद्धिपत्र काढा, ज्या भागधारकांना अहवाल गेला त्या सगळ्यांना पाठवा, लिस्टेड असाल तर एक्स्चेंजला आणि वेबसाइटवर. शुद्धिपत्रात जुना आकडा, नवा आकडा आणि कारण, तिन्ही. 'मुद्रणदोष' लिहू नका. रक्कम वगळली गेली होती हे स्पष्ट लिहा. लिस्टेड कंपनीत मोबदला बदलला की कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याच्या मध्यकाशी असलेलं गुणोत्तर आणि टक्केवारीतली वाढ हेही बदलतं, व्यवस्थापकीय मोबदल्याच्या नियमांतल्या नियम ५ चं परिशिष्ट विसरू नका.

एजीएम होऊन गेली असेल तर बोर्ड रिपोर्ट बदलायला कलम १३१, म्हणजे एनसीएलटीच्या (कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाची परवानगी. मागच्या तीन वर्षांपर्यंतच जाता येतं आणि एका आर्थिक वर्षात एकदाच. केएमपी नोटमधली चूक महत्त्वाची असेल तर पुढच्या ताळेबंदात इंड एएस ८ प्रमाणे मागच्या वर्षाचा आकडा दुरुस्त करून दाखवायचा. संचालकाच्या मोबदल्यात 'महत्त्वाची' हे फक्त रकमेवर ठरत नाही, @ऑडिट_सदर सांगतीलच.

१२बीए किंवा फॉर्म १६ चुकला असेल तर चौथ्या तिमाहीच्या २४क्यू चं (पगारावरच्या टीडीएसच्या विवरणाचं) दुरुस्ती विवरण, मग ट्रेसेस या टीडीएस पोर्टलवरून नवीन भाग बी, आणि संचालकाला नवा १२बीए. त्याचं रिटर्न भरून झालं असेल तर त्यालाही लगेच कळवा.

ऑडिट_सदर

सांगतो. १९७(१६) खाली मोबदला कलमाप्रमाणे दिला की नाही हे ऑडिटरला रिपोर्टमध्ये लिहावंच लागतं. तीस हजारांनी मर्यादा ओलांडली असेल तर 'ओलांडली नाही' असं लिहिता येत नाही, रक्कम कितीही लहान असो.

हिंगणा_फायनान्स

सगळ्यांचे आभार. शेवटचं: १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. मग कंपनी कायद्यातला १९६१ चा उल्लेख?

सीएस_रामदासपेठ

मार्च २०२६ च्या अहवालांना जुनाच कायदा. पुढच्या वर्षांसाठी जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७ चं कलम ८ आहे: कायदा रद्द होऊन नव्याने झाला की जुन्याचे उल्लेख नव्याला लागू. पण ठरावांचे मसुदे आता बदलून घ्या. या ऑगस्ट-सप्टेंबरच्या एजीएममध्ये ज्यांची पुनर्नियुक्ती आहे त्यांच्या ठरावात कलमांचे आकडे न टाकता असं लिहा: 'पर्क्सचे मूल्य त्या वेळी लागू असलेल्या आयकर नियमांप्रमाणे धरले जाईल. बिगर-रोख पर्क्सवरील आयकर कंपनी भरेल आणि ती रक्कम संचालकाच्या एकूण मोबदल्यात व मर्यादेत मोजली जाईल.' दुसरं वाक्य गाळू नका.